फळीवरची पहिली बॅटरी

धारगळच्या हमरस्त्यावर मे महिन्यात डांबर पातळ होतं, चपला चिकटतात, कुत्री सुकलेल्या गटारात पोट टेकून पडून राहतात. अशा उन्हात गळ्यापर्यंत बंद असा निळा लोकरीचा स्वेटर घालून एखादा माणूस दुकानाच्या पायरीवर बसलेला दिसला, तर नवख्याने काय समजावं? म्हापशाहून बांद्याकडे जाणाऱ्या बसमधले लोक खिडकीतून बोटं दाखवायचे. एकदा बस थांबली असताना एका बाईने मला खुणेनेच विचारलं, की ह्याला बरं नाही का? मी हात हलवून सांगितलं, अगदी ठणठणीत आहे. त्या वेळी ते खरं होतं.

तो माणूस म्हणजे नारबा. नाव नारायण, पण त्या नावाने त्याला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मूळ गाव बांद्याच्या पलीकडे, सिंधुदुर्गात. तरुणपणी डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायला आला, धारगळची मुलगी केली आणि धारगळचाच होऊन गेला. पाठीच्या मणक्याने दगा दिल्यावर ट्रक सोडला आणि बॅटऱ्यांचं दुकान टाकलं. मी शिंपी, मुळगावचा. त्याच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून माझं दुकान होतं. मशीन थांबलं की पलीकडे चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची बुडबुड मला ऐकू यायची, आणि माझं मशीन फार वेळ थांबलं की नारबा भिंतीवर थाप मारून विचारायचा, "मास्तरा, मेलंस काय जिवंत आसस?"

स्वेटरची दोन कारणं होती. त्यातलं पहिलं सांगायला सोपं आहे. बॅटरीतलं ॲसिड सुती कापडावर उडालं की तेव्हा काही दिसत नाही. धुतलं की तिथे भोक पडतं. नारबाचे सदरे त्याची बायको, आमची वैनी, धुवायची आणि दोरीवर चाळण्या वाळत घालायची. लोकरीला मात्र ॲसिड तितकं खात नाही. हे नारबाला त्याच्या मित्राने, इनासने सांगितलं होतं, आणि नुसतं सांगून न थांबता स्वतःचा बोटीवरचा जुना स्वेटर आणून त्याच्या अंगावर घातला होता. इनास पूर्वी तारवटी होता, मोठ्या बोटींवर इंजिनाच्या खोलीत काम करायचा. थंड देशातल्या कुठल्याशा बंदरावर घेतलेला तो स्वेटर धारगळच्या घामात भिजून भिजून नारबाच्या मापाचा झाला होता. मी मापं घेणारा माणूस, मला असली गोष्ट खटकते. मी म्हटलं, टेरिकॉटचे दोन सदरे शिवून देतो, तेही टिकतात. तर म्हणाला, "टेरिकॉट तू शिवतलंस. ह्यो इनासान दिललो."

नारबाचा खरा हंगाम पावसाळ्याचा. पाऊस लागायच्या सुमारास खाणी बंद व्हायच्या, ट्रक जागच्या जागी उभे राहायचे आणि कोल्हापूर, बेळगावकडचे ड्रायव्हर लावणीसाठी आपापल्या गावी निघायचे. तिकडे समुद्रही बंद व्हायचा, बोटी किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या जायच्या. गाडी उभी राहिली तर राहते, बोट झाकली तर झाकलेली राहते, पण बॅटरी आपोआप उतरत जाते. रिकामी ठेवली तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरी खर धरते, आणि मग ती कायमची जाते. म्हणून बॅटऱ्या नारबाकडे यायच्या. तो त्यांना फणसाच्या लाकडाच्या फळ्यांवर ओळीने मांडायचा, कधीही उघड्या जमिनीवर नाही. डोक्यावरची बुचं पुसायचा, तोंडांना व्हॅसलीन लावायचा, कमी झालेलं पाणी डिस्टिल पाण्याने भरायचा आणि पाळीपाळीने एकेकीला चार्जिंगवर घ्यायचा. "निजलेल्या माणसाक कोण जेवक घालता?" असं कोणी चेष्टेने विचारलं, की तो म्हणायचा, "बाळंतीण निजली म्हणान तिका उपाशी ठेवतंत काय तुमगेर?"

चार्जिंगच्या खोलीत विडी नाही, मोठ्याने बोलणं नाही. मोठ्याने का नाही, याला काही शास्त्र नव्हतं. "तेंका आयकू येता," एवढंच. बॅटऱ्यांना तो मालकाच्या गावाच्या नावाने हाक मारायचा. "आज कोरगावकाराक ताप इलो", म्हणजे कोरगावच्या कुणाची तरी बॅटरी गरम झाली. "साखळकार लय पिता", म्हणजे तिला पाणी जास्त लागतं. वैनी आतून म्हणायची, "माझ्याकडे इतक्या मायेन कधी चवकशी केली नाय ती."

कुणाची बॅटरी कुठली हे लिहून ठेवायचा त्याला भयंकर कंटाळा. त्यासाठी मी होतो. माझ्या दुकानातल्या चिंध्या तो घेऊन जायचा आणि प्रत्येक बॅटरीच्या कडीला एकेक चिंधी बांधायचा. खाणीवरच्या एका ट्रकला लाल छिटाची, एकाला माझ्या मेहुणीच्या परकराची हिरवी, एकाला शाळेच्या गणवेशाची खाकी. पावसाळ्यात त्या खोलीत गेलं की गेल्या वर्षभरात मी गावाला काय काय शिवून घातलं ते सगळं एका नजरेत दिसायचं. ॲसिडच्या वाफेने चिंध्या कुजायच्या, मग तो तशीच दुसरी मागायला यायचा. इनासच्या बॅटरीला मात्र पांढरं सॅटिन. इनासच्या धाकट्या मुलीच्या पहिल्या कुमगाराचा, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचा पांढराशुभ्र झगा मी शिवला होता, त्यातला उरलेला तुकडा. ती बॅटरी नेहमी पहिल्या फळीवर, दाराजवळ, वाऱ्याच्या जागी.

नारबाच्या दुकानाचा एकच कायदा होता. जेनी दिली, तेनीच न्हेवची. ज्याने आपल्या हाताने बॅटरी ठेवली त्याच्याच हातात ती परत जाणार. यामागे एक फसवणूक होती. पहिल्याच वर्षी एकजण आला, आपण अमक्या ड्रायव्हरचा मेहुणा म्हणून सांगून बॅटरी घेऊन गेला. दसऱ्याच्या आधी खरा ड्रायव्हर गडहिंग्लजहून आला, तर त्याला मेहुणाच नव्हता. नारबाने त्याला स्वतःकडची नवीकोरी बॅटरी दिली आणि त्या दिवसापासून हा कायदा केला.

कायदा म्हणजे कायदा. सासरा आला तरी नाही. एका वर्षी बेळगावकडचा एक ड्रायव्हर गावी झाडावरून पडला, पाय मोडला. ट्रकमालकाने बॅटरी न्यायला दुसरा माणूस पाठवला. नारबा म्हणाला, पाय मोडला, हात नाही मोडला. शेवटी त्या बिचाऱ्याला टेम्पोत गादी घालून धारगळला आणलं. टेम्पो दुकानाला लावला, नारबाने बॅटरी उचलून त्याच्यापुढे धरली, त्याने तिच्यावर हात ठेवला, आणि मग ती गेली. आम्ही सगळे हसून हसून लोळायचे बाकी होतो. प्लॅस्टरवाला ड्रायव्हरही हसत होता. वैनीने त्याला टेम्पोतच पेज आणि सुकटीची चटणी नेऊन दिली. त्या हसण्याची आठवण मला आता सहन होत नाही.

इनासचं घर मोरजीला, शापोरा नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे. जहाजावरची नोकरी सोडून त्याने एक छोटी इंजिनाची बोट घेतली होती. आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. दरवर्षी मे सरता सरता सगळ्यांत पहिली बॅटरी त्याची यायची. स्कूटरच्या पुढच्या पाटीवर बॅटरी, मागे सुक्या बांगड्यांचं पुडकं, आणि लांबूनच आरोळी, "नारबा, तुजी सून हाडल्या रे!" नारबा आपली फळी पुसून तयार ठेवायचा. ती पहिली बॅटरी मांडल्याशिवाय तो दुसऱ्या कुणाची घेत नसे. आधी आलेला ड्रायव्हर बाहेर बाकावर बसून राहायचा आणि मला विचारायचा, हे काय लग्न आहे काय?

पावसाळ्यात इनासला काम नसायचं. पंधरवड्यातून एकदा तो "बॅटरी बघायला" यायचा. बॅटरीला बघण्यासारखं काय असतं? दोघे चार्जिंगच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचे, इनासच्या बॅटरीवर रेडिओ लावायचे आणि भांडायचे. नारबाला नाट्यगीतं हवी असायची, इनासला कोंकणी कांतारां. "बॅटरी म्हजी, कांतार म्हजें," इनास म्हणायचा. "करंट माझो," नारबा म्हणायचा. शेवटी अर्धा वेळ हे आणि अर्धा वेळ ते, आणि गंमत अशी की इनास नाट्यगीताला मान डोलवायचा आणि नारबा कांताराला पायाने ठेका धरायचा. चवथीला इनास मासळी न आणता आठवणीने रानातून गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायची फळं घेऊन यायचा आणि नाताळात नारबा मोरजीला जाऊन गूळ-नारळाचा दोदोल खाऊन यायचा. वैनी म्हणायची, ह्यांचा मागच्या जन्मीचा काहीतरी व्यवहार राहिला असणार.

मग ते भाषेचं आलं. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून सगळं गोवं ढवळून निघालं होतं. सभा, मोर्चे, रस्त्यावर आडवी झाडं, जळणारे टायर. सोयरिकी मोडल्या, दुकानांची गिऱ्हाइकं वाटली गेली. मी पायजमा शिवायचो आणि गप्प बसायचो. शिंप्याला भाषा कोणी विचारत नाही.

त्या पावसाळ्यात इनास नेहमीसारखा बॅटरी बघायला आला आणि अडकून पडला, कारण पुढे रस्ता बंद केला होता. समोरच्या चहाच्या दुकानात माणसं दाटली होती. नारबा आणि इनास एकाच बाकावर. मी त्यांच्या मागे उभा होतो. कुणीतरी काहीतरी म्हणालं, त्यावर इनास म्हणाला, "आमची भास आमकां जाय. हातूंत कोणाक कितें जाता?"

नारबा म्हणाला, "तुमची भास कोण न्हेता? पण मराठी आमच्या देवाची, भजनाची. ती सोडूची काय आमी?"

इथवर ठीक होतं. असं ते रोज भांडायचे. पण त्या दिवशी ऐकायला माणसं होती. माणसं असली की माणसाचं डोकं फिरतं. इनास उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तूं बांद्या पयलतडचो, नारबा. हांगाच्या गोश्टींनी उलोवपाक तुका कोणें सांगलां?"

नारबाचा चेहरा मी पाहिला. सगळं आयुष्य ज्याने या रस्त्यावर घातलं, ज्याची बायको इथली, ज्याचं रेशन कार्ड इथलं, त्याला जवळच्या माणसाने भर बाजारात परका म्हटलं. तो अगदी हळू बोलला. "आणि तू रे? पाखलो गेलो, तेच्यावांगडा तू पण बोटीर चडाक होयो होतंस."

पाखलो म्हणजे पोर्तुगीज गोरा. याहून जिव्हारी लागेल असं इनासला बोलणं शक्य नव्हतं. त्याचे वडील पोर्तुगिजांच्या तुरुंगात मार खाऊन आलेले, आणि हे नारबाला ठाऊक होतं. इनासने अर्धा प्यालेला चहा बाकावर ठेवला, स्कूटर ढकलत पाऊलवाटेने निघून गेला. दोघांचं ते सगळं भांडण मला एकाच भाषेत ऐकू आलं होतं, एवढंच मी सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी वैनीने नारबाचा सदरा माझ्याकडे ठिगळाला आणला. खांद्यावर आणि पोटावर भोकं. मी विचारलं, स्वेटर कुठे गेला? ती म्हणाली, "पेटयेत घातल्यानी. विचारू नको." मग दर आठवड्याला सदरे येऊ लागले. मी ठिगळं लावत होतो आणि मनात म्हणत होतो, होईल, नारळी पुनवेला होईल. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की बोटी सुटतात. बॅटरीशिवाय बोट कशी सुटेल? इनासला यावंच लागेल. मध्येच एकदा नारबा भिंतीवर थाप न मारता, सरळ माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "मास्तरा, तां सफेद सॅटिन उरलां काय?" जुनी चिंधी कुजली होती. मी दिलं. तेव्हा मला कळलं, की स्वेटर पेटीत असला तरी बॅटरीला वेळेवर पाणी मिळतंय.

पुनव झाली. इनास आला नाही. त्याचा खलाशी आला, सालू नावाचा, पन्नाशीचा गरीब माणूस. पायरीखाली उभा राहून म्हणाला, "इनासान बॅटरी व्हरूंक सांगल्या."

नारबा बुचं पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "जेनी दिली, तेनीच न्हेवची."

"तो येवचो ना म्हणटा."

"मगे ऱ्हांवदी."

मी मशीन सोडून बाहेर आलो. म्हटलं, नारबा, द्या ना त्याला, सालूला सगळे ओळखतात. वैनीही दारात आली. नारबा म्हणाला, "माझो कायदो सगळ्यांक एकच. इनासाक सांग, सोता ये. मी काय तेका खातंय?" शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज जरासा चिरकला. त्याला भांडण चालू ठेवायचं नव्हतंच. त्याला इनास यायला हवा होता. दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्याने कायदा पुढे केला. इनास एकदा पायरीपर्यंत आला असता, तर नारबाने बॅटरी स्वतः उचलून स्कूटरवर ठेवली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. सालू थोडा वेळ घुटमळला आणि रिकाम्या हाताने गेला.

इनास आला नाही. त्याने म्हापशाला कुठूनतरी वापरलेली बॅटरी घेतली. हे आम्हांला तेव्हाच समजलं. नारबा म्हणाला, "वापरलेली? तो खुळो झालो काय?" आणि दिवसभर तेच तेच पुटपुटत राहिला. त्या चवथीला माटोळीला इनासची फळं नव्हती. वैनीने बाजारातून आणलेली बांधली. नारबाने ती बघितली आणि आरतीला मागे जाऊन उभा राहिला.

चवथ होऊन थोडे दिवस झाले होते. शापोरा जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा उंचवटा आहे, त्यावर लाटा फुटतात. बोट बाहेर काढताना आणि आत आणताना तेवढा तुकडा इंजिन एका दमात ओढून न्यावं लागतं. इनासची बोट सकाळी परत येत होती. नेमकी त्या उंचवट्यावर इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडतं, त्यात नवल नाही. सेल्फ मारला की परत लागतं. इनासने सेल्फ मारला. सालू नंतर सांगत होता, एकदा इंजिन घुरघुरलं, मग नुसती टिकटिक झाली, मग तीही नाही. बोट आडवी झाली आणि लाटेने उलटली. सालू पोहून आला. इनास शेवटपर्यंत इंजिनापाशी होता.

बातमी दुपारी बसबरोबर धारगळला आली. कंडक्टरने चहाच्या दुकानात सांगितली. मी पळत नारबाकडे गेलो, तर त्याला आधीच कळलं होतं. तो रडत नव्हता. चार्जिंगच्या खोलीत पहिल्या फळीशी वाकला होता. इनासच्या बॅटरीची बुचं त्याने काढली होती आणि काचेच्या नळीने एकेका घरातलं ॲसिड ओढून तिच्यातला काटा किती वर तरंगतो ते बघत होता. सगळी घरं तपासून झाल्यावर त्याने बुचं घट्ट लावली, हात पुसले, माझ्याकडे बघितलं.

"फुल आसा, मास्तरा," तो म्हणाला. "ही फुल आसा."

मी त्याला धरलं. त्या माणसाचा मला इतका राग आला होता आणि इतकी दयाही आली होती, की मी त्याला मिठी मारतोय की गदगदा हलवतोय ते माझं मला समजत नव्हतं.

मोरजीच्या चर्चमध्ये माती झाली त्या दिवशी नारबाने पेटीतून स्वेटर काढून घातला. आत मात्र आला नाही. कुंपणाच्या भिंतीपाशी पावसात उभा राहिला. लोकर पाणी पिते, स्वेटर गुडघ्यांपर्यंत लोंबत होता. इनासची बायको रोझालिन बाहेर येताना त्याच्यासमोर क्षणभर थांबली. तिने स्वेटरची बाही चिमटीत धरली, सोडली आणि पुढे गेली. त्या दिवसानंतर तो स्वेटर नारबाच्या अंगावरून उतरला नाही. काम असो, नसो, आषाढ असो, मे असो. हेच ते दुसरं कारण.

महिन्याच्या मिसेला, म्हणजे इनाससाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेच्या दिवशी, तो बॅटरी घेऊन गेला. एकट्याने जायचं धाडस नव्हतं म्हणून मला बरोबर घेतलं. रोझालिन घराच्या सोप्यावर बसली होती. नारबाने बॅटरी तिच्यापुढे ठेवली. नवं सॅटिन बांधलं होतं. म्हणाला, "वैनी, इनासाची. ठेवन घे."

रोझालिनने बॅटरीकडे बघितलं. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तूंच सांगता न्हय, नारबा? जाणें दिली, ताणेंच व्हरची."

नारबाने बॅटरी उचलली आणि आम्ही परत आलो. बसमध्ये ती त्याच्या मांडीवर होती.

त्या दसऱ्याला ड्रायव्हर आपापल्या बॅटऱ्या न्यायला आले, आणि नारबाने कायदा मोडीत काढला. कोणीही या, कुणाचीही न्या. भाऊ आला, द्या. शेजारी आला, द्या. एकाने नुसतं दारातून विचारलं, की तमक्याची बॅटरी इथे आहे काय, तर ह्याने चिंधीसुद्धा न बघता ती त्याच्या हातात दिली. "व्हर, व्हर, बेगीन व्हर," म्हणत त्याला रस्त्यापर्यंत पोचवून आला. मी ओरडलो, अहो कोण तो, काय तो, विचारा तरी! "इलो मगे तो," नारबा म्हणाला. "कोण इलो तर देवक होयी." दोन-तीन बॅटऱ्या अशाच गेल्या. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही दुसरीकडे गेली. नारबाला त्याचं काही नव्हतं.

पुढच्या मे महिन्याच्या शेवटी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. धारगळच्या नाक्यावर फटाके लागले, कोणी पेढे वाटले, ज्यांनी एकमेकांचे टायर जाळले होते ते एकमेकांच्या गळ्यात पडले. नारबाची फळी पुसून तयार होती. बाहेर बाकावर दोन ड्रायव्हर बॅटऱ्या घेऊन बसले होते. नारबा म्हणाला, रावा जरा, आणि इनासची बॅटरी खांद्यावर घेऊन बसमध्ये चढला. मोरजीला नदीच्या काठावर इनासची फुटकी बोट ओढून ठेवलेली होती. तिच्यात, बॅटरीच्या खोक्यात, त्याने ती नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत तिथेच बसला, आणि मग तीच बॅटरी परत उचलून धारगळला घेऊन आला. फळीवर पहिल्या जागी मांडली. त्यानंतर बाकावरच्या ड्रायव्हरांकडे वळला. मे संपताना इनासची बॅटरी मोरजीहून यायची, ती आली.

पुढे त्याने हेच नेमाने केलं. नारळी पुनवेला बॅटरी घेऊन जायचा, बोटीत ठेवून रिकाम्या हाताने परतायचा. मे सरताना जायचा आणि घेऊन यायचा. तिथून ती कोणी चोरली नाही. पहिल्या वर्षी रोझालिन त्याला बघून घरात गेली आणि दार लावून घेतलं. नंतर कधीतरी कुंपणाच्या गडग्यावर चहाचा कप ठेवलेला असायचा. तो चहा पिऊन कप पालथा घालून यायचा. दोघांमध्ये बोलणं झालं की नाही ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

बॅटरी म्हणजे शेवटी शिसं आणि पाणी. माणसाने कितीही जपली तरी काही वर्षांनी ती जातेच. इनासचीही गेली. नारबा तिला चार्जिंगवर लावायचा, ती गरम व्हायची, बुडबुडायची, आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या नळीतला काटा तळाशीच बसलेला असायचा. हे भिंतीपलीकडून मलासुद्धा समजत होतं, तर त्याला समजत नव्हतं असं कसं म्हणू?

आईच्या आजारपणामुळे मी धारगळचं दुकान बंद करून मुळगावला परत जायचं ठरवलं, ते असेच मेचे शेवटचे दिवस होते. मशीन टेम्पोत चढवून झालं होतं. निरोप घ्यायला बाहेर आलो तर नारबा रस्त्याकडेला बसची वाट बघत उभा. मोरजीहून बॅटरी आणायला निघाला होता. पार वाळला होता. स्वेटरचे कोपरे मीच दोनदा रफू करून दिले होते, ते पुन्हा फाटले होते. ऊन असं, की रस्त्याकडे बघवत नव्हतं. मानेवरून घामाच्या धारा आणि खिशात, हाताने चाचपून बघत होता ती, पांढऱ्या सॅटिनची घडी. शेवटचा तुकडा मीच सकाळी कपाट रिकामं करताना त्याला दिला होता.

निघायची वेळ होती आणि माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "नारबा, ती कधीच मेली हो. आता कित्याक जातंत?"

तो हसला. माझ्या शर्टाच्या कॉलरवर लागलेला दोऱ्याचा तुकडा त्याने काढून टाकला.

"माका सांगतंस काय मास्तरा? म्हायत आसा माका," तो म्हणाला. "पण तेचो माणूस न्हेवक इललो ना, तेव्हा ती जिती होती रे. मीच दिलंय नाय."

बस आली. कंडक्टरने त्याला ओळखून हात दिला आणि वर घेतलं. खिडकीपाशी बसून त्याने माझ्याकडे बघितलं, मग मांडीवर दोन्ही हात पसरून ठेवले, परत येताना बॅटरी जिथे असणार होती तिथे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात नारबा वारला. निळी बाही खिडकीच्या कडेला टेकलेली होती आणि बस मोरजीच्या रस्त्याला वळली, तेवढंच मला त्याचं शेवटचं दर्शन.